अंघोळ धरून

“अंघोळ धरून सांगू की अंघोळ सोडून?” आजाऱ्यांना सांभाळायला माणसं पुरवणाऱ्या संस्थेच्या बाईंनी बाहेरच्या खोलीत विचारलं, आणि आतल्या खोलीत उशीला टेकून चहा पिणाऱ्या मास्तरांचा कप ओठांपाशी पोचता पोचता थबकला. बाईंचा आवाज गोड होता. अस्तर धरून शिवू की अस्तर सोडून, असं शिंप्याने विचारावं तितका साधा. त्यात मास्तरांना लागण्यासारखं काही नव्हतं, आणि तरी लागलं. आपली अंघोळ आपल्यापासून सुटी निघते, तिला वेगळा भाव असतो, हे माणसाला इतक्या वर्षांनी कळावं! मास्तरांनी चादरीखालच्या आपल्या देहाकडे पाहिलं. हाच देह घेऊन ते उभा जन्म गावच्या जलतरण तलावावर लोकांना पोहायला शिकवत होते. तोकडी चड्डी, गळ्यात शिट्टी, आणि दिवसातून दहादा पाण्यात. तेव्हा अंघोळ हा प्रकार त्यांनी कधी गांभीर्याने घेतलाच नव्हता. दिवसभर भिजणाऱ्या माणसाने घरी येऊन पुन्हा अंघोळ करावी म्हणजे नदीने छत्री धरावी. आयुष्यभर ओल्या, बुळबुळीत फरशीवरून तरातरा चालले आणि पडले ते स्वतःच्या घरातल्या कोरड्या ठणठणीत गालिच्यावर. खुब्याचं हाड मोडलं. डॉक्टरांनी ते सळी घालून जोडलं, आता वॉकर धरून ते घरातल्या घरात हिंडत, आणि लेक रजा काढून त्यांच्यापाशी राहिली होती. रजा संपत आली होती. म्हणून ही गोड आवाजाची बाई आली होती.

बाई पुढे सांगतच होत्या. नुसती सोबत असेल तर एक भाव. स्वयंपाक असेल तर त्यावर थोडे. उचलावं लागत असेल तर पुरुष माणूस, त्याचा भाव जरा चढा. रात्रीचं निराळं, त्यातही रात्री झोपणारा माणूस स्वस्त आणि जागणारा महाग. सुट्टीच्या दिवशी दीडपट. तासाभरासाठी कुणी येत नाही, निदान अर्धा दिवस तरी धरावाच लागतो. बाहेर फिरायला नेणं वेगळं. मास्तर भिंतीपलीकडून ऐकत होते आणि त्यांना वाटत होतं, की आपल्या देहाचे बेताबेताने तुकडे पडतायत. हा जेवणारा, हा झोपणारा, हा चालणारा, हा न्हाणारा. ही सगळी मंडळी इतके दिवस एका पगारात एकाच अंगात राहत होती आणि कुणी कुणाची तक्रार करत नव्हतं. आता प्रत्येकाने आपापली वेगळी चूल मांडली होती. बाईंनी शेवटी एका तासाचा आकडा सांगितला तेव्हा तर मास्तरांना हसूच फुटलं. उमेदीच्या काळात तेवढ्या पैशांसाठी त्यांनी आठवडाभर पाण्यात उभं राहून शिट्टी फुंकली होती. आपल्याशेजारी नुसतं बसायला एवढे पडतात! एवढे महाग तर आपण तरुणपणीही नव्हतो.

बाहेरून लेकीचा आवाज आला, स्वतःशीच बोलल्यासारखा. “म्हणजे जवळजवळ माझा पगारच झाला की. मग मी नोकरीच सोडते. हिशेब तोच होतो.”

“बऱ्याच मुली तसंच करतात, ताई,” बाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात गिऱ्हाईक जातंय याचं दुःख दिसत नव्हतं. सवय दिसत होती.

“कायमची नाही. तात्पुरती.”

आणि खरं सांगायचं तर मास्तरांना पहिल्यांदा आनंद झाला. अगदी कोवळा, ऊन ऊन, लबाड आनंद. लेक घरी राहणार. चहाला आलं किती हे तिला सांगावं लागत नाही. ती खोलीतून खोलीत जाताना काहीतरी गुणगुणते, आणि ती घरात आहे एवढ्यानेच दुखरा पाय थोडा कमी दुखतो. परक्याचा हात अंगाला लागायला नको, भाव नको, तुकडे नकोत. त्यांनी चहाचा घोट घेतला. गार झाला होता, तरी गोड लागला. पण तो शब्द, तात्पुरती, दातात अडकलेल्या बडीशेपेसारखा जिभेला लागत राहिला. जीभ पुन्हा पुन्हा तिथेच जाई. हा शब्द या घरात याआधी कुणीतरी उच्चारला होता, याच खोलीत, जवळजवळ याच आवाजात. लेकीचा आवाज तिच्या आईवर गेला होता, हे सगळे म्हणत. मास्तरांना मात्र तो आज पहिल्यांदाच ऐकू आला.

मास्तरांची बायको आता नव्हती. तिचं केस कापायचं दुकान होतं. दोन खुर्च्यांचं, लहानसं, कोपऱ्यावरचं. पायाने दाबलं की वर चढणाऱ्या जाडजूड खुर्च्या, आरशाखाली बाटल्या, आणि दिवसभर बायकांच्या गप्पा. गावातली कुठलीही बातमी आधी तिच्या कात्रीखालून जाई. मग मास्तरांच्या आईने अंथरूण धरलं आणि बायको म्हणाली, दुकान बंद ठेवते, तात्पुरतं. मास्तरांनी मान डोलावली होती. त्यात विचार करण्यासारखं होतं तरी काय? घरातलं माणूस, घरातलं काम. पुढे आई सात वर्षं जगली. बायको तिचं सगळं करी, हसतमुखाने करी. सासूला तिने एकदाही घालूनपाडून बोललेलं मास्तरांना आठवत नव्हतं. दोन खुर्च्यांपैकी एक विकली गेली, एक घरी आली, आणि तिच्यावर बसवून ती सासूचे केस धुई. मास्तर चारचौघांत छाती काढून सांगत, आमच्या आईला एक दिवस बाहेरचं माणूस लागलं नाही. ऐकणारे माना डोलावत. बायकोही तिथेच असे आणि चहा देई. आई गेल्यावर दुकान पुन्हा उघडायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही. जागा तोवर एका किल्ल्या बनवणाऱ्याने घेतली होती. त्यानंतर कधी दोघं बाजारात निघाली की त्या कोपऱ्याच्या आधी बायको रस्ता ओलांडे आणि पलीकडच्या पदपथावरून चाले. मास्तर मुकाट मागून जात. त्यांना वाटे, सावलीसाठी जात असेल. इतकी वर्षं त्यांनी तसंच धरलं होतं. आत्ता, हातात गार चहा धरून, त्यांनी तो रस्ता डोळ्यांपुढे आणला. डावीकडे दुकानांची रांग, त्यांची छपरं. उजवीकडे शाळेची बुटकी भिंत, आणि वर उघडं आभाळ. सावली डावीकडे होती. पलीकडे सावली नव्हतीच. कधीच नव्हती.

मास्तरांनी कप खाली ठेवला, वॉकर ओढून घेतला आणि उठले. वॉकरचे चार पाय आणि स्वतःचे दोन, अशी मिरवणूक बाहेरच्या खोलीत पोचेपर्यंत बाई आपली पिशवी आवरू लागल्या होत्या.

“बसा बसा,” मास्तर म्हणाले. “अंघोळ धरून सांगा.”

“बाबा, तुम्ही कशाला उठलात?”

“माझा भाव चाललाय आणि मी आत? बाई, सकाळपासून संध्याकाळी ही येईपर्यंत. स्वयंपाक धरून. उचलणं धरून. आणि शिव्या खाणं? ते धरून की त्याचे वेगळे?”

बाई हसल्या. “ते आमच्याकडे फुकट असतं.”

लेक हसली नाही. “बाबा, किती पैसे जातील कल्पना आहे का?”

“आत्ताच ऐकली. भिंत पातळ आहे.”

“मी सोडते ना नोकरी. माझं काय अडलंय? कुणीही करेल ते काम.”

हे खोटं होतं, आणि ती मास्तरांशी खोटं बोलताना लहानपणापासून उजव्या कानाची पाळी ओढत असे. आत्ताही ओढत होती. ती रंगाच्या कारखान्यात रंग जुळवायची. कुणी भिंतीचा पोपडा घेऊन यावा, कुणी जुन्या पडद्याचा तुकडा, आणि तिने डोळा बारीक करून सांगावं, यात पिवळा टिपूसभर हवा. मागच्याच वर्षी तिला त्या खात्याची मुख्य केलं तेव्हा ती फोनवर अर्धा तास नुसती पांढऱ्या रंगाबद्दल बोलत होती. पांढऱ्याचे किती प्रकार असतात, बाबा, तुम्हाला माहीत नाही. मास्तरांना खरंच माहीत नव्हतं. त्यांना पांढरा म्हणजे पांढरा. पण तो आवाज त्यांना कळला होता. नवा पोरगा पहिल्यांदा पाण्यावर आपोआप तरंगतो आणि त्याचं त्यालाच खरं वाटत नाही, तेव्हा तो जसा ओरडतो तसा.

“तुझ्यासाठी मागे ठेवलेत ते पैसे मोडू,” मास्तर म्हणाले.

“ते तुमचे आहेत. आजारपणाला राहू देत.”

“हे काय मग, माझी सहल चाललीय? आणि माझ्यासाठी कुठे मोडतोय. मी गेल्यावर देणार होतो ते आत्ता देतोय, नोकरीच्या रूपाने. घे म्हटलं की घ्यावं.” मग त्यांचा आवाज थोडा उतरला. “हे बघ. तुझ्या आजीला एक दिवस बाहेरचं माणूस लागलं नाही, असं मी सांगत आलो ना सगळ्यांना? ते तसं नव्हतं. लागलं होतं. आम्ही ठेवलं नाही, एवढंच.”

लेकीने कानाची पाळी सोडली आणि बाईंना म्हणाली, “सोमवारपासून जमेल?”

सोमवारी आलेला माणूस चाळिशीचा, दारात मावणार नाही एवढा रुंद. दोन्ही पाय फाकवून, जमिनीत रोवून उभा राहिला. मास्तरांना पोहायला येणाऱ्या प्रत्येकाचं टोपणनाव ठेवायची जुनी खोड होती. तलावावर कुणी बूच असे, कुणी ओंडका, कुणी साबण. याला पाहिल्याबरोबर ते म्हणाले, नांगर. “शेतातला का, मास्तर?” त्याने विचारलं. “बोटीचा,” मास्तर म्हणाले. तो खूश झाला. पण ही खुशी मास्तरांपर्यंत पोचली नाही, कारण पुढच्याच क्षणी नांगराने बाही सारली आणि विचारलं, “आधी अंघोळ उरकायची का?”

न्हाणीघरात प्लॅस्टिकचं स्टूल, भिंतीला नवा दांडा, आणि मास्तर उघडे. हजारो लोकांसमोर उघड्या अंगाने वावरलेला हा माणूस एका माणसासमोर कसा आकसला! पाठीला फरशीवरून येणारी गार झुळूक, गुडघ्यांवर ठेवलेले स्वतःचेच हात, आणि त्या हातांखाली सुकत चाललेल्या मांड्या. कधी काळी या मांड्यांनी पाणी कापलं होतं. मास्तर समोरच्या भिंतीकडे बघत राहिले आणि वाट पाहू लागले. वाट पाहता पाहता त्यांच्या ध्यानात आलं, की पाणी काही येत नाही. त्यांनी मान वळवली. नांगर अंग मागे रेलून, हात लांबवून, डोळे गच्च मिटून नळाची चावी चाचपत होता, जसं कुणी अनोळखी कुत्र्याच्या डोक्यावर हात ठेवावा. खांदे कानांपर्यंत चढलेले. श्वास रोखलेला. फवारा सुटला, दोन थेंब त्याच्या तोंडावर उडाले आणि तो एवढा मोठा माणूस ‘हाय’ करून मागे सरला. हे खांदे मास्तरांनी आयुष्यभर पाहिले होते.

“पाण्याला भितोस,” मास्तर म्हणाले.

“छे, छे. साबण गेला डोळ्यात.”

“साबण अजून खोक्यात आहे.”

नांगराने खोक्याकडे पाहिलं. मग पाठीवर पाणी ओतता ओतता त्याने सगळं सांगितलं. लहानपणी दगडाच्या खाणीत साचलेल्या पाण्यात पडला होता. थोरल्या बहिणीने शेंडीला धरून वर ओढला. तेव्हापासून तोंडावर पाणी आलं की जीव कासावीस होतो. स्वतःची अंघोळ तो मानेपर्यंतच करायचा. तोंड ओल्या फडक्याने पुसायचा. आणि हा धंदा कुठला करतोय, तर लोकांना न्हाऊ घालण्याचा! मास्तर हसायला लागले, नांगरही हसायला लागला, आणि हसता हसता पाठ घासून झाली, पायही धुऊन झाले, तो मोडून जोडलेला खुबाही पुसून झाला. आपण उघडे आहोत हे मास्तर मधल्या वेळात विसरूनच गेले होते. विद्यार्थी समोर असला की त्यांना स्वतःचं काही आठवत नसे, हा त्यांचा जुना गुण.

दिवस सुरू झाले. नांगर काही देवमाणूस नव्हता. बटाटे शिजवायला ठेवी आणि बहिणीशी फोनवर बोलत बसे, ते पार विरघळेपर्यंत. पत्ते खेळताना उघड उघड लबाडी करी. बेसूर गाई. आणि संध्याकाळी लेकीची चाहूल लागली, घड्याळात वेळ झाली, की हातातला पत्ता खाली ठेवून चपला घाली. डाव अर्धा राहिला तरी. यात वाईट वाटण्यासारखं काही नव्हतं, त्याचंही घर होतं. पण तो गेल्यावर मास्तर कधी कधी पत्ते पिसत बसत आणि मन नको तिथे जाई. दुपारी तो केवढा हसला होता, आपण लंगड्या पायाने त्याची नक्कल केली तेव्हा. ते हसू धरून होतं की सोडून? भावात बसलेलं की वरचं? एकदा हा किडा डोक्यात वळवळायला लागला की पुढच्या हसण्याची चव जाई. बायको हसायची तेव्हा असला प्रश्न पडला नव्हता. मग त्यांना वाटे, पडायला हवा होता का? तिचं सगळंच फुकट, म्हणून सगळंच मनापासून, असं आपण परस्पर ठरवून टाकलं. एका दुपारी त्यांनी नांगराला विचारलंच. “माझ्या जागी दुसरा म्हातारा असता, तर त्याच्याकडेही असाच हसला असतास?”

नांगराने पत्त्यांवरून डोळा वर केला. “याआधीचे एक आजोबा होते. दोन वर्षं. एकदाही हसलो नाही. ते हिशेबनीस होते.” मग हातातला शेवटचा पत्ता टाकत म्हणाला, “तासाचे पैसे घेतो मी, मास्तर. हसण्याचे कोण देतंय? वाटा आता, उगाच वेळ काढू नका. हरताय तुम्ही.”

मास्तर खरंच हरत होते. त्यांनी पत्ते वाटले, आणि का कुणास ठाऊक, त्या दिवसापासून तो किडा कमी वळवळू लागला. लेक संध्याकाळी नखांत रंग भरून येई आणि दिवसभराच्या लढाया सांगे. आज एका हॉटेलवाल्याला राखाडी हवा होता, पण उदास नको. मास्तर ऐकत. नांगर जाता जाता दारात थांबून सल्ला देई, “ताई, त्याला चहाच्या भांड्यासारखा द्या.” लेकीने एकदा खरोखरच तसा करून पाहिला. हॉटेलवाल्याला तो पसंत पडला नाही, पण कारखान्यात त्यावर दोन दिवस हशा चालला.

पुढे डॉक्टरांनी हाड जुळलं म्हणून सांगितलं आणि म्हणाले, पाण्यात चाला, पाण्यात वजन पडत नाही. मास्तरांना हे डॉक्टरांकडून ऐकताना मौज वाटली. माशाला पोहण्याची चिठ्ठी. नांगर मात्र तिथल्या तिथे पांढरा पडला. “पाण्यात उतरणं माझ्या कामात येत नाही.” संस्थेच्या बाईंना फोन केला. बाई गोड आवाजात म्हणाल्या, बाहेर नेण्याचे वेगळे लागतील, पाण्याचं मात्र कुणी आजवर विचारलं नव्हतं, तुमचं तुम्ही ठरवा. लेक म्हणाली, मी कामावरून परस्पर तलावावर येते, तोवर तुम्ही नुसते काठावर उभे राहा. काठावर उभं राहायला नांगर तयार झाला.

तलावावर मास्तरांना कुणी ओळखलं नाही. खिडकीतल्या मुलीने त्यांना तिकीट फाडून दिलं आणि नांगरालाही दिलं. सोबतीच्या माणसाने पाण्यात हाताच्या अंतरावर असलं पाहिजे, असा नियम होता. नांगराने नियमाची पाटी दोनदा वाचली, कुठे पळवाट दिसते का म्हणून. आत गेल्याबरोबर तो वास आला, औषध घातलेल्या पाण्याचा, नाकात थोडा झोंबणारा, आणि उंच छताखाली घुमणारे आवाज. आणि मास्तरांच्या पायांना वॉकरच्या आधी वाट कळली. दांडा धरून ते उथळ भागाच्या पायऱ्या उतरले. घोटे, गुडघे, कंबर. दर पायरीला पाणी त्यांच्याकडून थोडं थोडं ओझं काढून घेत होतं, पाहुण्याच्या हातची पिशवी घ्यावी तसं. छातीपर्यंत आले आणि पाय दुखायचा थांबला. इतके महिने सतत चाललेला पंखा कुणीतरी बंद करावा आणि मग कळावं, की आवाज होता. मास्तर चालले. एक पाऊल, दुसरं. सळी घातलेला खुबा, सुकलेल्या मांड्या, जेवणारा, झोपणारा, चालणारा, न्हाणारा, सगळे पुन्हा एका अंगात आले होते आणि कुणीच वेगळं काही मागत नव्हतं. त्यांना मोठ्याने ओरडावंसं वाटलं, आणि ते ओरडले. खिडकीतल्या मुलीने डोकावून पाहिलं.

मग त्यांना मागे तो श्वास ऐकू आला, तुटक, रोखून धरलेला. नांगर पाण्यात उतरला होता. नियम म्हणजे नियम. कमरेपर्यंत आला होता, दोन्ही पाय रोवून, डोळे मिटून, हात हवेत.

“अरे, कुणी सांगितलं तुला?”

“हाताच्या अंतरावर,” नांगर दातांतून म्हणाला. “पैसे घेतो मी.”

मास्तर पाणी कापत त्याच्यापाशी गेले आणि त्याच्या कोपराखाली तळवा धरला. त्या तळव्याला काय करायचं ते सांगावं लागलं नाही. “श्वास सोड. असा नाही. चहा निववतोस ना? तशी पाण्यावर फुंकर मार.” नांगराने फुंकर मारली. पाण्यावर लहानशी वर्तुळं उठली. त्याने आणखी एक मारली. खांदे कानांवरून बोटभर खाली आले. “डोळे उघड.” “ते नका सांगू, मास्तर.” “बरं, मिटून फुंक.” असे ते दोघं बराच वेळ पाण्यात उभे राहिले, एक म्हातारा आणि एक दांडगा, गार झालेल्या चहाला फुंकर घालत.

लेक आली तेव्हा तिच्या मनगटावर कसलातरी हिरवा लागला होता. ती धावतच आत आली, आणि काठावर येऊन थबकली. भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहून म्हणाली, “अहो, तुमची वेळ संपली केव्हाच!”

“माहीत आहे, ताई,” नांगर डोळे न उघडता म्हणाला.

“मग निघ की,” मास्तर म्हणाले.

“निघालो असतो. पाय निघत नाहीत.”

लेक मटकन काठावर बसली आणि पोट धरून हसू लागली. ते हसू छताला जाऊन आदळलं आणि पुन्हा खाली आलं. “मग या तासाचे पैसे कुणी कुणाला द्यायचे?”

“मी देतो, ताई. दीडपट देतो. आधी बाहेर काढा.”

तिने पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि पाय पाण्यात सोडले. नांगराने एक डोळा किलकिला केला, खाली पाहिलं आणि घाबरा झाला. “मास्तर! माझे पाय वाकडे झालेत.”

“माझेही झालेत. हिचेही. पाण्यात सगळ्यांचेच होतात. चल, एक पाऊल टाक.”

नांगराने मोठा श्वास घेतला, लांब फुंकर मारली आणि जड, भिजलेला पाय उचलून पुढे टाकला. पायऱ्या होत्या मागच्या बाजूला. मास्तरांनी ते पाहिलं, लेकीने पाहिलं, आणि दोघांपैकी कुणीही त्याला सांगितलं नाही.